एक दिवसाचा पगार

मोरबी, ८ सप्टेंबर २०२४

अन् बाबाच्या चाबीले रंग माराचं तुले कोणी सांगितलं होतं? माय फोनवर म्हणे का पिंकीनं चाबी लाल केली, वरच्या दांड्याले सायकलची ट्यूब गुंडाळली, आता लय शोभते. शोभाले ते काय रुखवतातलं सामान आहे का, ताई? छातीइतकी उंच लोखंडाची चाबी आहे, रस्त्यातल्या चेंबरमधे घालून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवाची. बाबानं उभ्या जिंदगीत तिले रंग नाही लावला. मे महिन्यात तापली तं दुपट्टा धरून फिरवे. ट्यूब गुंडाळाची अक्कल काय बाबाले नव्हती?

तू म्हणशील, चाबी आता माझी आहे. हो बाई, तुझीच आहे. मीच सही करून दिली नं, का माझ्या बहिणीले नोकरी देण्यास माझी काही हरकत नाही. स्टॅम्पपेपरवर दिली. पण हरकत होती, हे तुलेही माहीत आहे अन् मलेही.

बाबा पाणी खात्याच्या नोकरीत असताना गेला, म्हणून घरातल्या एकाले नोकरी. मायचं वय निघून गेलेलं. राहिलो आपण दोघं. अन् त्या दोघांतलं एक कोण, हे ठरवाले कोण आलं आपल्या घरी? रंभाबाई. युनियनची सेक्रेटरी. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, खांद्यावर पिशवी, अन् पाण्याचा गिलास हातात घेण्याच्या आधी मायले म्हणते, "जिजाबाई, नोकरी पोरीच्या नावानं मागा. पोट्टी बारावी पास आहे. पोट्टा आठवी नापास, रागीट, त्याच्या कागदात खातं दहा चुका काढन अन् नोकरी हातची जाईन." मी तिथंच बसून होतो वं. माझ्यासमोर! पोट्टा काय मेला होता का?

अन् त्याच्या आधी ते पाकीट. बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकं जेवत होते अन् रंभाबाईनं मायच्या हातात पाकीट ठेवलं. शाखेतल्या प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार. मी म्हटलं, आम्हाले भीक नको. तं म्हणते, "भीक नाही गा, रिवाज आहे. तुझ्या बाबानं आमच्या प्रत्येकाच्या घरी दिला आहे, आता आमची पाळी." बोलाले कोणी तिच्यासंगं लागावं?

तरी खरं आहे ते लिहितो, नाहीतं तू म्हणशील विक्की फक्त वाईटच लिहिते. मायची पेन्शन अडकली होती ते तिनंच सोडवली. तुले खात्यानं आधी साहेबाच्या टेबलावर चहापाणी द्याले बसवलं, बाईमाणूस चाबी काय फिरवणार म्हणून, अन् रंभाबाई सहा महिने त्यांच्या मागे लागली. व्हॉल्व्हमनच्या जागेवर घेतलं तं व्हॉल्व्हमनचं काम द्या अन् व्हॉल्व्हमनचाच पगार द्या. दिला त्यांनी. ते मले मानाव लागते. पण चहापाण्याच्या कामात पंखा होता, तू आता उन्हात फिरून राहिली. हे तिले कोणी विचारलं?

फोनवर बोलाचं नाही, पत्रच लिहाचं, हा तुझा नियम. म्हणते का फोनवर तू शिव्या देते, कागदावर शिवी लिहाले तुले आळस येते. बरोबर आहे, येते.

मी मजेत आहे. टाइल्सची कंपनी आहे. भट्टीतून फरशा निघून येतात, आपण त्या खोक्यात भराच्या अन् खोके उचलून गाडीत लावाचे. रूममधे आठ जण. जेवणात गोड डाळ देतात, त्याच्याबद्दल काही विचारू नको.

मायले म्हणा औषध घेत जा.

विक्की


मोरबी, २० ऑक्टोबर २०२४

ताई, जय भीम.

मायनं सांगितलं. तू नाही सांगितलं, मायनं सांगितलं. तुझं पत्र नोटीस भेटल्यावर निघालं, अन् त्यात काय लिहिलं आहे तं "इकडे सगळं ठीक, पाहुणे खूप आले होते, दोन गंज भरून खिचडी संपली." वा! नोकरी जाऊन राहिली अन् ही खिचडीचे गंज मोजून राहिली.

मले काही घेणंदेणं नाही. मी सही करून मोकळा झालो. पण मायनं जे सांगितलं ते बरोबर आहे का, हे लिहून पाठव. मी समजलो ते असं. दीक्षाभूमीले आलेले परभणीकडचे लोकं आपल्या वस्तीतल्या शाळेत उतरले. बायका, लेकरं, म्हातारी माणसं. शाळेच्या टाकीत पाणी चढेना. तू चाबी घेतली अन् मोठ्या ले-आउटमधल्या बंगल्यांचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी शाळेकडे वळवलं. दरवर्षी बाबा वळवे तसंच. कोणाचा लेखी हुकूम नाही, साहेबाले फोन नाही. अन् तिकडे ले-आउटमधे दसऱ्याच्या सकाळी नळाले थेंब नाही. लोकं पूजेले बसलेले. त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेऊन तक्रार ठोकली, अन् खात्यानं तुले नोटीस दिली का तुम्हाला कामावरून कमी का करू नये.

तुझं एक वर्ष अजून भरलं नाही. कायम झालेल्या माणसाले काढाले खात्याले घाम येते. कायम नसलेल्याले काढाले एक कागद पुरते. अन् ही नोकरी गेली तं गेली, ताई. बाबाच्या नावानं दुसऱ्यांदा नाही भेटत. ना तुले ना मले.

आता मी जे विचारतो त्याचं खरं उत्तर दे. बाबा आदल्या संध्याकाळी ले-आउटमधे जाऊन सांगे, हे तुले माहीतच नव्हतं? एक-एक फाटक वाजवे. "बाई, उद्या सकाळचं पाणी पाहुण्यांले जाईन, आजच भरून ठेवा." लोकं कुरकुर करत, पण भरून ठेवत. ज्या वर्षी बाबाचा पाय मुरगळला होता, त्या वर्षी मीच त्याले गाडीवर बसवून फिरवलं, म्हणून मी पाहिलं. तू त्या टाइमाले घरी मायसंगं तांदूळ निवडे. तुले दिसलं ते फक्त सकाळचं. चाबी घेतली, फिरवली, झालं. अर्धं काम तू बरोबर केलं.

रागावू नको. हे मी रंभाबाईलेही सांगितलं.

हो. रंभाबाईचा फोन आलता. मायजवळून नंबर घेतला. मी खोके लावून राहिलो होतो, हात पूर्ण मातीचे.

"विक्की का गा? मी रंभाबाई."

"कोण रंभाबाई?" मी मुद्दाम म्हटलं.

"जिले तू वस्तीभर खर्रेवाली पुढारीण म्हणत फिरला, ते."

मी हातातला खोका खाली ठेवला. ती म्हणे, "गप्प बसाले फोन नाही केला. माझा बॅलन्स चालला. मले सांग, तुझा बाबा त्या दिवशी काय काय करे? सुरुवातीपासून सांग, मधातलं काही सोडू नको."

मी सांगितलं. फाटकं वाजवाचं सांगितलं, तं तिनं ते दोनदा सांगाले लावलं.  मंग म्हणते, "म्हणजे ले-आउटले माहीत होतं गा! दरवर्षी माहीत होतं! कोणाचं घर आठवते का तुले? बाबासंगं बरं बोलणारं?"

मले एकच आठवलं. पिवळं फाटक, चष्मेवाले म्हातारे. ते बाबाले दरवर्षी म्हणत, "शालिकराम, अहो आमचंच पाणी का?" अन् आतून चिवड्याची प्लेट आणून देत.

रंभाबाई जोरात हसली. "दत्तोपंत! अरे, आपल्याच खात्यातून हेडक्लार्क होऊन रिटायर झाले ते. संपात आमच्यासंगं मांडवात बसले होते, उपरणं घेऊन." मंग एकदम हळू आवाजात म्हणे, "पण तक्रारीवर त्यांचीही सही आहे, विक्की."

काय करणार ते तिनं नाही सांगितलं. फोन ठेवताना म्हणे, "जेवत जा टाइमावर." मले लय विचित्र वाटलं. तिनं मले ओरडाले पाह्यजे होतं.

मले काही घेणंदेणं नाही, पण चौकशीची तारीख कोणती भेटली ते लगेच लिही.

विक्की


मोरबी, १७ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतः, एकदा केशवले वाचून दाखवलं, अन् एकदा केशव म्हणे पुन्हा वाच ते म्हातारीचं, म्हणून पुन्हा. केशव माझा रूमपार्टनर, तुमसरकडचा. तो आजकाल पडूनच असते, त्याचं पुढे सांगतो.

ती दत्तोपंतांची बायको, सुमतीबाई, फाटकातच उभी राहून म्हणते काय, "अच्छा, तुम्हीच का त्या पाणी पळवणाऱ्या? दसऱ्याच्या दिवशी माझी श्रीखंडाची भांडी संध्याकाळपर्यंत मुंग्या चाटत होत्या!" अन् तू म्हणते, "काकू, आणा, आता घासून देते." तू खरंच म्हटलं असं? मी असतो तं फाटकावरूनच परत आलो असतो. रंभाबाई मात्र सरळ आत जाऊन खुर्चीवर बसली, हे मले दिसून राहिलं डोळ्यासमोर.

अन् दत्तोपंत म्हणाले, "रंभाबाई, माझी अडचण समजा. मी तक्रारीवर सही केलेली आहे." मले वाटलं आता ही म्हणन, सही मागे घ्या. पण तिनं म्हटलं, "मंग काय झालं? तक्रार खरीच आहे. पाणी गेलंच होतं. तुम्ही सही ठेवा. तुम्ही फक्त एवढं सांगाले या का दरवर्षी जाते, अन् तुम्हाले माहीत असते."

हे वाचलं अन् मी पत्र खाली ठेवलं. बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

तुझ्यासंगचे व्हॉल्व्हमन बाबाराव काका तुले म्हणाले, सांगून दे का व्हॉल्व्ह जाम झाला होता, आपोआप बंद झाला. मीही तेच सांगितलं असतं, खरं बोलतो. सगळ्यात सोपं ते. त्याच्यावर रंभाबाई म्हणे, "जाम झाला म्हणून सांगितलं तं पुढच्या वर्षी पाहुण्यांले पाणी कसं देशील? दरवर्षी जाम करशील का?" मले बाई पटली वं. पटली म्हणून लिहितो, तिले दाखवू नको हे पत्र.

पण भीती वाटते. दत्तोपंत येतीन का? बायकोच्या समोर हो म्हणणं वेगळं, साहेबाच्या समोर वेगळं. अन् बाबाराव काका अजून रोजंदारीवर आहेत, ते कशाले बोलतीन? तू एकटी त्या खुर्चीवर बसशील अन् समोर तीन साहेब. तुले बोलता येते, मले माहीत आहे, पण तुले राग आला का तुझा आवाज चिरकते. पाणी पिऊन बोल.

रंभाबाईले बचाव सहायक म्हणून संगं बसू देतीन, हे मी दोनदा वाचलं. म्हणजे चौकशी तुझी, पण तुझ्या बाजूनं बोलाले तुझ्याच खात्यातलं माणूस बसन, अन् साहेब त्याले उठ म्हणू शकत नाही. असा नियम असते हे मले माहीतच नव्हतं. बाबा किती जणांसाठी असा बसला असन? तो संध्याकाळी उशिरा येई अन् माय म्हणे गेले असतीन युनियनचं भजन कराले. आपणही हसत होतो.

आता केशवचं सांगतो. दिवाळीच्या आधी फरशीचे खोके घसरले अन् त्याच्या पायावर पडले. ठेकेदारानं दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली, प्लास्टरचे पैसे द्याची वेळ आली तं फोन बंद, ते आम्ही उधारीवर लावून घेतलं. वरून म्हणते, "काम पे नहीं, तो खाना भी नहीं." आम्ही सात जण आपल्या ताटातलं त्याले देतो. केशव मले म्हणे, "तुझ्या बहिणीले नोटीस भेटली तं तिच्या मागे केवढे लोकं उभे आहेत गा. मले तं नोटीसही नाही भेटली." तो हसण्यावारी म्हणाला. मले हसू नाही आलं.

माझी तब्येत चांगली आहे. पैशाची काळजी करू नको. चौकशीच्या दिवशी माय घरी एकटी नको राहू दे.

विक्की


मोरबी, १५ डिसेंबर २०२४

ताई! ताई! ताई!

मायचा फोन आला तेव्हा मी लाइनवर होतो. सुपरवायझर म्हणे फोन ठेव. मी म्हटलं, ठेवत नाही, काय करतं ते कर. मायले बोलताच येत नव्हतं, नुसती रडून राहिली अन् मले वाटलं गेली नोकरी. मंग म्हणते, "सुटली रे पोट्टी!" मी तिथंच खोक्यावर बसलो.

तुझं पत्र काल भेटलं. सातही जणांले वाचून दाखवलं. दोघं बिहारचे आहेत, त्यांच्यासाठी मधात-मधात हिंदी करून सांगितलं. तू लिहिलं आहे ते मी आता तुलेच पुन्हा लिहितो, कारण मले लिहाची मजा येऊन राहिली.

सकाळी तू अन् रंभाबाई ऑफिसात गेल्या तं व्हरांड्यात शाखेतले सगळे व्हॉल्व्हमन उभे. प्रत्येकाजवळ आपापली चाबी. शिपाई बोंबलते, "अरे, चाब्या फरशीवर नका टेकवू, टाइल्स फुटतीन!" (त्या टाइल्स आमच्या कंपनीच्या असतीन तं फुटतीनच, त्याले सांग.) साहेब बाहेर येऊन म्हणते, चौकशी एकीची आहे, हा जत्था कशाला? अन् सगळ्यात आधी कोण बोललं? बाबाराव काका. रोजंदारीवाले. ज्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं का ते कशाले बोलतीन.

"साहेब, टाकीच्या बाजूचा व्हॉल्व्ह त्या दिवशी मी फिरवतो. पाहुण्यांसाठी. मलेही नोटीस द्या."

मागचा म्हणे, "माझ्याकडे स्टेशनच्या बाजूचा आहे. मलेही द्या."

त्याच्या मागचा, "मलेही."

तू लिहिते का तुले तिथं बाबाची लय आठवण आली अन् तू रडली नाही, कारण रंभाबाईनं आधीच दम दिला होता का रडली तं खर्रा खाऊ घालीन. ह्या वाक्यावर आमची सगळी रूम लोळली.

अन् दत्तोपंत आले! इस्त्रीचा सदरा घालून, सुमतीबाईले संगं घेऊन! ते साहेबाले म्हणाले, "तक्रारीवर माझी सही आहे आणि ती मी मागे घेत नाही. त्या दिवशी आमच्याकडे पाणी नव्हतं. पण शालिकराम दरवर्षी आदल्या संध्याकाळी येऊन सांगून जायचा. या वर्षी सांगायला तो नव्हता. मुलीचं चुकलं ते इतकंच, की तिनं सांगितलं नाही. पाणी वळवणं हाच गुन्हा असेल, तर मी नोकरीत असताना मला तो माहीत होता आणि मी गप्प होतो. मग माझी पेन्शन आधी थांबवा." मागून सुमतीबाई म्हणते, "पेन्शनचं काय बोलताय, तेवढं सोडून बोला!" साहेबही हसला म्हणते तू. मले साहेब हसला हे आवडलं. हसलेला माणूस लगेच वाईट सही करत नाही.

अन् मंग ते. साहेबानं तुले सरळ विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा असं करणार का?"

इथं मी वाचाचं थांबलो, ताई. पोट्टे ओरडाले लागले, पढ ना, क्या बोली? मी म्हटलं, थांबा रे. मले माहीत होतं तू काय म्हणशील. तू नाही म्हटलं असतं तं सगळे सुटले असते. हो म्हटलं तं नोकरी साहेबाच्या हातात.

"करीन, साहेब. पण आदल्या दिवशी सांगून करीन."

आमच्या रूममधे इतका आवाज झाला का खालच्या मजल्यावरचे धावून आले. तुझा आवाज चिरकला का? ते तू लिहिलं नाही.

रंभाबाईनं लगेच कागद पुढे सरकवला, "साहेब, मंग लेखी हुकूमच काढून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी ना तिले भ्या ना तुम्हाले." अन् काढला त्यांनी. नोटीस दप्तरी दाखल, तुले तोंडी समज, अन् दरवर्षी त्या दिवशी शाळेले पाणी, ले-आउटले एक दिवस आधी सूचना. बाबा इतके वर्षं आपल्या पायानं अन् आपल्या तोंडानं करत होता ते आता कागदावर आलं. शालिकराम व्हॉल्व्हमननं सुरू केलं असं त्या कागदावर कुठं लिहिलं नसन. नसू दे. आपल्याले माहीत आहे.

रंभाबाईले माझा जय भीम सांग. नाही, तू नको सांगू, मी फोन करीन. नाही, तूच सांग. मले तिच्यासंगं काय बोलाव समजत नाही. तिनं तुझी नोकरी वाचवली. तिनं मायची पेन्शन सुरू केली. मी तिले वस्तीभर काय-काय म्हणत फिरलो अन् तरी ती मले जेवत जा म्हणते. अशा माणसाले काय म्हणाव, ते तूच शोधून सांग, तू बारावी आहे.

आता तुले एक गोष्ट सांगतो. पत्र वाचून झाल्यावर केशवनं ते 'मलेही द्या' पुन्हा वाचाले लावलं. मंग त्या बिहारच्या दोघांतला एक म्हणे, "हम लोग भी चलें क्या?" सकाळी आम्ही सात जण ठेकेदाराच्या केबिनीत गेलो. एकानं जाऊन बोलाचं अन् बाकीच्यांनी बाहेर राहाचं, असं नाही. सगळे आत. त्यानं मलेच पाहिलं, "तू लीडर है क्या? निकाल दूँगा." मी म्हटलं, निकालो. मागून आवाज आला, "मेरेको भी." मंग अजून एक. सातही झाले. गाड्या भराच्या उभ्या होत्या बाहेर, त्याले ते दिसून राहिलं होतं. प्लास्टरचे पैसे दिले त्यानं. बसून राहिलेल्या दिवसांचा पगार अर्धाच देतो म्हणे. अर्धा तं अर्धा. जेवण सुरू केलं.

आम्ही काही युनियन नाही. आमच्याकडे रंभाबाई नाही, बचाव सहायक नाही, आमच्यासाठी कोणता नियम आहे तेही कोणाले माहीत नाही. पण तुमचं पाहून एवढं तं जमलं. हे तिले सांग. हे नक्की सांग.

माझी ड्युटी बदलली आहे, आता लोडिंगलेच असतो पूर्ण वेळ. तसं काही नाही, बदलतात ते अधूनमधून.

विक्की


मोरबी, १२ जानेवारी २०२५

ताई, जय भीम. मायले जय भीम.

हे पत्र टपालानं नाही, केशवच्या हातानं पाठवून राहिलो. त्याचं प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालते, गावाकडे आराम कराले येऊन राहिला. नागपूरले उतरून घरी येईन, मंग तुमसरची बस पकडन. त्याले आधी जेवाले दे, मंग बोल. तर्री जास्त टाकजो, इथल्या गोड डाळीनं त्याची जीभ बिघडली आहे. तो तुले पाहून म्हणन, "हेच का त्या, करीन साहेबवाल्या?" आमच्या रूममधे तुझं नाव आता तेच आहे.

तू विचारलं का विक्की तू परत काहून येत नाही, हिंगण्याच्या कंपनीत लागून जा. पाहू. इथं आता माझ्याकडे नवीन पोट्टे विचाराले येतात, हजेरी कशी कापली, हे बरोबर आहे का. मले काय समजते? पण मी त्यांच्यासंगं जातो. एकट्यानं नाही जाऊ देत. दोन-तीन महिने तं राहाव लागन.

बाबाराव काकाचं वाचलं. ते रोजंदारीवर, म्हणून चौकशीच्या दिवशी त्यांची हजेरीच नाही लागली. माझ्या बहिणीसाठी त्यांचा रोज गेला. युनियनच्या पेटीतून त्यांले तो भरून दिला, ते लय चांगलं केलं. पण तू लिहिते का त्याच महिन्यात एका बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं अन् पेटी पूर्ण खाली झाली, अन् रंभाबाई आता पुन्हा पिशवी घेऊन चौक्या-चौक्यांवर फिरून राहिली. उन्हाळ्याच्या आधी पेटी भरली पाह्यजे म्हणते, उन्हाळ्यात व्हॉल्व्हमन लोकं आजारी पडतात.

मी विचार केला. आपल्या घरी ते पाकीट आलं तेव्हा त्यात कोणाकोणाचा दिवस होता, ते मी पाहिलंच नाही. बाबारावचा असन. रंभाबाईचा असन. शिपायाचा असन, टाइल्स फुटतीन म्हणणाऱ्या. त्या पैशातून मायनं महिनाभर घर चालवलं, अन् माझ्या इथल्या तिकिटाचे पैसे मायनं त्यातूनच दिले, हे मले केशवसंगं बोलता-बोलता ध्यानात आलं. म्हणजे मी रागानं निघून आलो तेही तुमच्या लोकांच्या पगारावर. हसू नको.

रंभाबाई म्हणन, मेंबर नाही त्याची पावती फाटत नाही. तिले सांग, पावती नको. तिले सांग, रिवाज आहे म्हणून तूच म्हटलं होतं, अन् आता माझी पाळी. नाही घेतलं तं मी स्वतः येऊन तिच्या पिशवीत टाकीन, मंग सगळ्या चौकीसमोर भांडण होईन अन् तिले ते आवडन.

चाबीचा रंग उडाला असं माय म्हणे. पुन्हा मार. लालच मार. ट्यूब जुनी झाली असन तं काढून नवीन गुंडाळ, हाताले घट्टे पडू देऊ नको. बाबाले दुपट्टा पुरत होता, कारण त्याले ट्यूब गुंडाळून देणारं घरी कोणी नव्हतं. मी असताना मले सुचलं नाही.

लवकरच तुझं वर्ष भरन अन् तू कायम होशील. त्या दिवशी मले फोन कर. त्या एका दिवशी पत्राचा नियम नको. मी शिव्या देणार नाही, देल्या तं खुशीच्या देईन.

केशवच्या हातात पाकीट दिलं आहे, वरून चिकटवलं आहे. त्यात दुसरं काही नाही. माझा एक दिवसाचा पगार आहे, पूर्ण, काही कापलेलं नाही. सहाशे चाळीस रुपये.